हिंदी समजते, हीच आपली अडचण

29 जून 2025 ला राज्य सरकारने पहिलीपासूनच्या हिंदीचे दोन्ही जीआर मागे घेतले आणि आपण सगळ्यांनी स्टेटस टाकले. झालं ते चांगलंच झालं. पण पहिलीचं मूल शाळेच्या दारात येतं, तोवर त्याची हिंदीची तीन-चार वर्षं झालेली असतात. तो वर्ग घरातच भरतो, टीव्हीसमोर. त्याच्याविरुद्ध कोणी मोर्चा काढला?

मी पेणची, आजोळ रोह्याचं. माझं बालपण डोरेमॉन आणि शिनचॅनवर गेलं. दोघेही जपानी, आमच्याशी मात्र हिंदीत बोलायचे. आज रोह्यातला माझा चार वर्षांचा भाचा खेळण्यातल्या गाड्या आपटताना ‘बचाओ’ ओरडतो, राक्षसाला हिंदीत दम देतो. भूक लागली, शी लागली की मराठी. त्याला मराठी उत्तम येतं. फक्त त्याचा खेळ मराठीत होत नाही. ज्या भाषेत आपण खेळलोच नाही, त्या भाषेत पुढे गोष्टी तरी कशा रचणार?

हे आपोआप झालेलं नाही. कार्टून नेटवर्क भारतात आलं 1 मे 1995 ला, म्हणजे नेमकं महाराष्ट्र दिनी. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. 2004 मध्ये पोगो, हंगामा आणि डिस्ने चॅनल आले. 2008 मध्ये पोगोवर छोटा भीम अवतरला. दक्षिणेत मात्र सन समूहाने 2007 मध्ये तमिळमध्ये चुट्टी, 2009 मध्ये तेलुगूत खुशी आणि कन्नडमध्ये चिंटू, तर 2011 मध्ये मल्याळममध्ये कोचू अशा मुलांच्या वाहिन्या काढल्या. त्यांच्यावरही डब केलेली कार्टून्स होतीच, पण वाहिनी मुलांच्या भाषेची होती. 2011 च्या जनगणनेत मल्याळम भाषक साधारण साडेतीन कोटी आहेत आणि मराठी सव्वाआठ कोटींहून जास्त. मग आपलं घोडं कुठे अडलं?

अडलं ते जाहिरातवाल्यांच्या वहीत. त्यांच्या धंद्यात ‘हिंदी स्पीकिंग मार्केट’ नावाचा एक कप्पा असतो. दक्षिणेची राज्यं त्याच्या बाहेर आणि महाराष्ट्र आत. पेण आणि रोहाही त्यातच. तुम्हाला हिंदी समजते ना, मग वेगळा खर्च कशाला? आपल्या समजूतदारपणाची ही किंमत आहे.

‘मराठीत मुलांचं चालणार नाही,’ असं कोणी म्हणालं की मी त्याला पेणच्या गणपतीच्या कारखान्यात न्यायला तयार आहे. ‘जय मल्हार’ ही मराठी मालिका गाजली आणि गणपतीच खंडोबाच्या वेशात दिसू लागले. मराठी टीव्ही देवाचा पोशाख बदलू शकतो, तर पोरांना खिळवून ठेवू शकणार नाही? मालही आहे. ताम्हनकरांचा गोट्या, भागवतांचा फास्टर फेणे, प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. मुंबई दूरदर्शनवर ‘किलबिल’ होतंच की.

‘ईटीव्ही बाल भारत’ 2021 मध्ये मराठीसह बारा भाषांत आली, हे मान्य. पण तिथे चित्र एकच आणि आवाज बारा. तेवढ्याने माझं समाधान होत नाही. मला असं कार्टून हवंय ज्यातली पोरं दिवा-रोहा गाडीत खिडकीसाठी भांडतील, कुंडलिकेत डुंबतील, धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस मानवंदना का देतात असं आजीला विचारतील. ‘यूट्यूबवर आहे की सगळं,’ म्हणणाऱ्यांनी घरातल्या चार वर्षांच्या मुलाच्या हातातला फोन जरा कान देऊन ऐकावा.

3 ऑक्टोबर 2024 ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. तो प्राचीन ग्रंथांमुळे मिळाला, पण टिकायचा तो पाच वर्षांच्या मुलांमुळे. सह्याद्री वाहिनी सरकारी आहे. तिथे रोज संध्याकाळी एक तास मुलांसाठी, नव्या मराठी अ‍ॅनिमेशनसाठी, राखून ठेवा ही मागणी काही मोठी नाही. आणि आपण? रिमोटवर, अ‍ॅपमध्ये जिथे मराठीचा पर्याय असेल तिथे तो निवडायचा. हिंदी समजते म्हणून चालवून घेतलं, की त्या वहीत आपण पुन्हा हिंदीच्याच खात्यात जमा होतो.