ट्रॅक्टरचा उत्पादन खर्च

घरच्या कपाशी-ज्वारीवर आयकर नाही. पण पोराने कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला, दुसऱ्यांची रानं भाड्याने नांगरली, की तो धंदा झाला. उत्पादन खर्चावर भाव मागणारे आम्ही. या ट्रॅक्टरच्या खर्चाची वही किती घरांत आहे? डिझेल, ड्रायव्हरची मजुरी, घसारा, कर्जाचे व्याज मिळकतीतून वजा होते. हप्त्यातली मुद्दल होत नाही, घरच्या नांगरटीचे डिझेलही नाही. वहीशिवायची सवलत आहे: रोख मिळकतीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्याच्या ६ टक्के नफा धरायचा. सोपी खरी! पण दुष्काळी साली काम मिळत नाही, व्याज मात्र चालूच. तो तोटा या सवलतीत दिसत नाही. वही ठेवून विवरणपत्र मुदतीत भरले, तर तो पुढची ८ वर्षे धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो.