२०४७ आणि पाचवीचा वर्ग

नातू परवा अभिमानाने म्हणाला, "आजोबा, २०४७ साली भारत विकसित देश होणार!" होऊ दे बाबा. पण तेव्हा जो ऐन तिशीत कमावता असेल, तो आज पाचवीत बसलाय. २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला नाही. उत्पादकता काय नुसत्या महामार्गांनी वाढते? यंत्रावरची सूचना वाचायची कोणी? कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्चा असं सांगितलं. अजून तो आकडा गाठलेला नाही.

सरकारला एकट्याला कशाला बोलू? वाचता न येणारी मुलं मीही वरच्या वर्गात ढकलली. त्यातली काही आज पन्नाशीत रोजंदारीवर आहेत. त्यांचं उत्पन्न मीच खुंटवलं. म्हणून सांगतो, आधी वाचायला शिकवा, मग घोषणा द्या. पटतंय का बघा.