टायर बदलणं हा ‘बायकांचा प्रश्न’ नाही?

गेल्या नियोजन बैठकीत मी एक साधा प्रस्ताव मांडला होता. आपल्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या आता मोटरसायकलवर फिरतात, तर चाक खोलणं, टायर-ट्यूब बदलणं आणि चाकाचा तोल साधणं यासाठी दोन दिवसांचं शिबिर घ्यावं. प्रस्ताव हसण्यावारी गेला. एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, “अगं, पंक्चरवाले काय कमी आहेत?” इतिवृत्तात नोंद झाली ती अशी : ‘विषय तांत्रिक आहे, बायकांचा प्रश्न नाही.’ या वाक्याला माझी हरकत आहे आणि ती मी इथे जाहीरपणे नोंदवते.

धडगावहून मोलगीकडे जाताना घाटात माझ्या गाडीचा मागचा टायर बसला. मागे बसलेली बाई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी निघाली होती. दोन तास आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. शेवटी एक जीपवाला थांबला. माणूस भला होता, पण चाक काढता काढता ही कोण, कुणाची, कुठे चालली हे सगळं त्यानं विचारून घेतलं. आमचं काम त्याच्या हातात, मग गप्प कसं बसायचं? संध्याकाळपर्यंत तिच्या सासरी बातमी पोचली. एमएसडब्ल्यूला असताना गोपनीयतेवर मी पानंच्या पानं लिहिली होती. त्यात टायरचा उल्लेख कुठेच नव्हता.

त्यानंतर मी हे काम शिकले. घरच्या अंगणात, एका जुन्या चाकावर. ‘बायकांना जमणार नाही, जोर लागतो’ असं म्हणतात ना, तिथेच खरी गोम आहे. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची. टायरची कडा रिमला चिकटलेली असते, ती दोन्ही टाचांनी दाबून सोडवायची. कडेला साबणाचं पाणी लावायचं. मग दोन लिव्हर जवळजवळ घालून कडा थोडी थोडी बाहेर काढायची. रिमचा मधला भाग खोलगट असतो. लिव्हर लावतो त्याच्या बरोबर समोरची कडा गुडघ्यानं त्या खोलगटात दाबून ठेवली, तर अलीकडे कडा सैल होते आणि टायर सहज निघतो. दाबली नाही, तर दोन पैलवान लावले तरी निघत नाही. मला शिकवणाऱ्या कारागिरानं ही गोष्ट तिसऱ्या दिवशी सांगितली. आधीचे दोन दिवस तो माझ्या ताकदीची कीव करत होता! नवी ट्यूब घालताना तिच्यात किंचित हवा भरायची, म्हणजे ती लिव्हरखाली चिमटत नाही. टायरवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला हवा. मागचं चाक बसवलं की साखळीचा ताण, दोन्ही बाजूंच्या खुणा आणि ब्रेक तपासल्याशिवाय गाडीवर बसायचं नाही.

तोल साधण्याला तर गॅरेजचं यंत्रही लागत नाही. चाकातून एक्सल घालून तो दोन सारख्या उंचीच्या स्टुलांवर टेकवायचा आणि चाक मोकळं सोडायचं. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. खडूनं खूण करायची, तीन-चार वेळा फिरवून खात्री करायची. मग बरोबर वरच्या बाजूच्या स्पोकला सोल्डरच्या तारेचे वेढे घालायचे, थोडे थोडे वाढवत, चाक कुठेही थांबायला लागेपर्यंत. कच्च्या रस्त्यावर हळू चालवताना फरक कळणार नाही, हे मी मान्य करते. महामार्गावर हँडल थरथरायला लागलं की कळतो.

आता अवघड मुद्दा. २७ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. पोलिसांनी सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे तिच्या स्कूटरची हवा आधी मुद्दाम काढली गेली आणि मग मदतीचा बहाणा झाला. चारही आरोपी ६ डिसेंबरला पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. ती चकमक खरी नव्हती, असं सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या सिरपूरकर आयोगाचं म्हणणं २०२२ मध्ये पुढे आलं. त्यामुळे खटला चाललाच नाही. मधल्या काळात उपदेश मात्र भरपूर झाला : मुलींनी रात्री निघू नये, गाडी दुरुस्त करायला शिकावं. मैत्रिणींनो, मी हे म्हणत नाहीये. बलात्काराला जबाबदार बलात्कार करणारा. बाईला पाना धरता येतो की नाही याचा तिथे संबंध नाही. आणि ‘बायकांसाठी’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या आजच्या बहुतेक गियरलेस स्कूटरना स्टेपनीच नसते. जुन्या गियरच्या स्कूटरला असायची. तिनं बदलायचं काय होतं? गाडी विकताना बाईचं स्वातंत्र्य दाखवायचं आणि सुटं चाक काढून घ्यायचं, यावर आपण एक तरी पत्रक काढलं का?

मला शिबिर हवं आहे ते बचावासाठी नाही. हत्यारं कुणाच्या हातात असायची, हे कोण ठरवतं, हा प्रश्न आहे. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात महिला समाख्याच्या कामातून, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं अशा दलित-आदिवासी बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी बायकांनी भरायचं आणि पंपाला हात पुरुषांनी लावायचा, ही वाटणी तिथे मोडली. आपण त्याचे दाखले भाषणात देतो आणि आपल्या बायकांना मात्र अजून शिवणयंत्र देतो.

पंक्चरवाल्यांबद्दलही बोलायला हवं. या धंद्यात किती मुसलमान आहेत हे आपल्याला माहीत आहे, आणि ‘पंक्चरवाला’ ही आता शिवी म्हणून वापरली जाते. बैठकीतल्या हसण्यात तोही एक सूर होता, असं मला वाटलं. चुकत असेन तर सांगा. शिबिरात शिकवायला मी याच कारागिरांना बोलावणार आहे, इतर प्रशिक्षकांना देतो तेवढंच मानधन देऊन.

पुढच्या बैठकीत प्रस्ताव परत येईल. त्या दिवशी मी एक चाक, दोन लिव्हर आणि साबणाचं पाणी घेऊन येणार आहे. ज्येष्ठ मैत्रिणीनं पहिली कडा सोडवावी अशी माझी विनंती आहे. मतदान त्यानंतर घेऊ.