स्वस्त उत्प्रेरक, महाग परतफेड

उज्जैनच्या राम घाटावर २०२८ च्या सिंहस्थात दिवे डिझेलच्या धुराविना उजळायचे, तर हायड्रोजनवर चालणारा इंधनघट हा एक पर्याय आहे. मात्र गर्दीत उच्च दाबाच्या टाक्या आणणे जोखमीचे ठरते. सोडियम बोरोहायड्राइड या घनरूप संयुगात वजनाच्या सुमारे १०.६ टक्के हायड्रोजन असतो; उत्प्रेरकाच्या साहाय्याने पाण्याशी अभिक्रिया होऊन तो वेगाने मुक्त होतो. महागड्या रुथेनियमऐवजी त्यासाठी कोबाल्ट-बोरॉन वापरण्याचे संशोधन मुंबई विद्यापीठातही झाले आहे. तथापि उरलेल्या मेटाबोरेटपासून पुन्हा इंधन घडवणे खर्चिक आहे आणि ते क्षिप्रेत सोडणे अक्षम्य. उत्प्रेरक स्वस्त झाला, तरी हा हिशेब जुळेपर्यंत घाटाला ही वीज परवडणार नाही.