पायाविना उभी राहिलेली लीग

'पुणे मराठाज' या संघाने 2012 च्या हंगामात दिल्ली डिफेंडर्सला 6-0 असे हरवून 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' या अमेरिकन फुटबॉल स्पर्धेचे पहिले अजिंक्यपद पटकावले. तरीही पुण्यात या खेळाची परंपरा रुजली नाही. ती का रुजली नाही, हे बीडसारख्या जिल्ह्यात खेळाडू घडवणाऱ्या प्रशिक्षकांनी समजून घेतले पाहिजे.

या खेळात 11 जणांचा संघ चार प्रयत्नांत, म्हणजे चार 'डाउन'मध्ये, किमान 10 यार्ड पुढे सरकण्यासाठी झटतो आणि प्रतिपक्षाच्या अंतिम क्षेत्रात चेंडू पोहोचला की 6 गुणांचा 'टचडाउन' होतो. हेल्मेट व खांद्यांवरचे जाड पॅड अनिवार्य असल्याने साधा सरावही खर्चिक ठरतो. 2011 मध्ये जाहीर झालेल्या या लीगला माइक डिटका, कर्ट वॉर्नर यांच्यासारख्या अमेरिकन फुटबॉलमधील नामवंतांचे पाठबळ होते आणि दूरचित्रवाणीचे करारही झाले होते; पण पहिल्या हंगामाचे सामने पुण्या-मुंबईत न होता कोलंबोत झाले आणि खेळाडू रग्बी, अॅथलेटिक्स अशा खेळांतून उचलून आणावे लागले. पुढे दरवर्षी ठरल्या वेळी हंगाम भरवण्याची घडी बसली नाही, त्यामुळे व्यावसायिक म्हणून जाहीर झालेली ही लीग प्रत्यक्षात अर्धव्यावसायिकच राहिली, म्हणजे केवळ तिच्या मानधनावर खेळाडूचे घर चालणे शक्य नव्हते.

2014 मध्ये सुरू झालेली प्रो कबड्डी लीग 8 संघांचीच होती; मात्र तिच्यामागे गावोगावची मंडळे, शालेय स्पर्धा आणि प्रशिक्षित पंच आधीपासून होते, म्हणून ती टिकली. पैसा व प्रसिद्धी यांनी खेळ मोठा होतो. मुळात नसलेला खेळ त्यांच्याने उभा राहत नाही.

बीडच्या यशाचा मार्गही हेच सांगतो. पाटोद्याचा राहुल आवारे पुण्याच्या तालमीत वर्षानुवर्षे घाम गाळून 2018 च्या राष्ट्रकुल सुवर्णापर्यंत पोहोचला, तर आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यदलाच्या आधाराने 2022 मध्ये स्टीपलचेसचे राष्ट्रकुल रौप्य मिळवू शकला.

म्हणून नव्या लीगचे निवडकर्ते तालुक्याच्या मैदानावर आले, तर मुलांची नावे देण्याआधी प्रशिक्षकांनी लेखी उत्तरे मागावीत: मानधन कधी व कोण देणार, दुखापतीचा विमा आहे का, पुढचा हंगाम कुठे होणार, आणि खेळ शासनमान्य यादीत आहे का, कारण यादीबाहेरच्या खेळाचे प्रमाणपत्र शासकीय नोकरीतील 5 टक्के खेळाडू आरक्षणाला उपयोगी पडत नाही. दहावी-बारावीची वर्षे पणाला लावणाऱ्या कुटुंबाला ही उत्तरे मिळवून देणे हे सराव घेण्याइतकेच प्रशिक्षकाचे काम आहे.