एक भाला, चार प्रेक्षक

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या खेळात राजाने स्पर्धा जाहीर केली की माझ्या पोटात गोळाच येतो. पुढचं सगळं ठरलेलं असतं. फायटर घोड्यावर चढणार, भाला रोखणार आणि बाकीचे चौघं खिशातून मोबाइल काढणार.

गणितच बघा. लक्ष्य 15. फायटरचा बोनस 5, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर 10 आले तरी पुरे. शक्यता 55 टक्के. विझर्डला उणे 1. त्याला 16 हवेत. शक्यता 25 टक्के. त्याने मैदानात उतरावंच कशाला?

यावर डंजन मास्टर मंडळींचा आवडता तोडगा म्हणजे प्रत्येकाला वेगळी स्पर्धा. नेमबाजी रोगला, गाणं बार्डला. हे तर शाळेचं गॅदरिंग झालं! एकाचा नंबर लागतो, चौघं ताटकळतात.

मी म्हणतो, स्पर्धा एकच ठेवा, पण तिच्यात शिरायला पाच वाटा ठेवा. भाला फायटरच चालवू दे. बिथरलेला घोडा ड्रुइड शांत करेल. प्रतिस्पर्ध्याच्या ढालीवरची चोरटी जादू विझर्ड ओळखेल. खोगिराचा कापलेला पट्टा रोगच्या नजरेला पडेल. बार्ड प्रेक्षकांना आपल्या बाजूने ओरडायला लावेल. या मदतीमुळे फायटरला दोन फासे टाकून मोठा आकडा घेता आला, तर 55 चे जवळपास 80 टक्के होतात. ते वरचे 25 टक्के मित्रांचे.

पाच जणांच्या सुट्ट्या जुळवून एक संध्याकाळ मिळते. ती एकाची वरात बघण्यात घालवायला लावणारा डंजन मास्टर आळशी आहे, असं मी तोंडावर सांगेन.