पाइपचा फिल्टर नेमकं काय अडवतो?

माझा मावसभाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा त्याने व्हॉट्सॲपवर एका लाकडी पाइपची लिंक पाठवली. खाली मेसेज: “दादा, सिगारेट सोडतोय. यात 9 मिमीचा कार्बन फिल्टर आहे. सेफ ना?”

मी कोड लिहितो, डॉक्टर नाही. पण फिल्टर म्हटलं की आमच्या कामात पहिला प्रश्न हाच असतो: काय अडतंय आणि काय तसंच पुढे जातंय? तोच प्रश्न मी पाइपला लावून बघितला.

हवेचा रस्ता

साध्या ब्रायर पाइपमध्ये तंबाखूची वाटी, तिच्या तळाशी साधारण 4 मिमीचं भोक आणि तोंडात धरायची नळी असते. नळीतून किती हवा जाईल हे त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतं. म्हणजे भोक 4 चं 3 मिमी केलं, तर तेवढ्याच ओढीला हवा एक तृतीयांशापेक्षाही कमी येते. मग माणूस जोरात ओढतो, तंबाखू जास्त तापतो आणि जीभ भाजते.

म्हणून पाइप बनवणाऱ्यांचा सगळा खटाटोप धूर गार आणि कोरडा करण्यासाठी चाललेला दिसतो. डब्लिनच्या चार्ल्स पीटरसनने 1890 मध्ये पेटंट घेतलं ते धुरातलं पाणी साचवणाऱ्या छोट्या कप्प्याचं. इटलीच्या साविनेली पाइपमध्ये बाल्सा लाकडाचा तुकडा ओल शोषतो. आपल्याकडे चिलमीला गुंडाळलेली ओली छापी राख आणि तंबाखूचे कण अडवते.

मग कार्बन?

तोच कोळसा घरच्या वॉटर प्युरिफायरमध्येही असतो. एका ग्रॅमच्या बारीक छिद्रांचा पृष्ठभाग 500 चौरस मीटरच्या वर जातो. धुरातल्या काही वाफा त्याला चिकटतात, हे खरं. पण कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ चिकटत नाही, आणि निकोटिनही पुरतं अडत नाही.

शिवाय पाइप ओढणारे बरेचजण धूर तोंडातच ठेवतात. तरी तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका राहतोच. सिगारेटवरून पाइपवर आलेला माणूस तर सवयीने धूर छातीत घेतो. भावाची केस नेमकी हीच.

आमच्या भाषेत सांगायचं, तर ॲपचा इंटरफेस छान झाला, सिक्युरिटीचं भोक तसंच राहिलं.

हुक्क्याचं पाणी

हुक्क्यात हा गैरसमज आणखी मोठा आहे. पाण्यातून बुडबुडे निघतात, धूर गार होतो, म्हणून तो ‘धुतला’ असं वाटतं. पण कार्बन मोनॉक्साइड पाण्यात फारच कमी विरघळतो. उलट गार धूर सहज आत जातो, म्हणून माणूस जास्त वेळ ओढतो. अमेरिकेच्या सीडीसीच्या माहितीनुसार एका सिगारेटला साधारण 20 झुरके होतात, तर तासभराच्या हुक्क्याला 200.

आणि हा वायू फक्त तंबाखूतून येत नाही, वर ठेवलेल्या निखाऱ्यातूनही येतो. त्यामुळे ‘आमचा हर्बल आहे, तंबाखू नाही’ हा दावा खरा असला, तरी हा धोका जात नाही.

कायदा कुठे आहे?

29 डिसेंबर 2017 ला मुंबईत कमला मिलच्या आगीत 14 जणांचा जीव गेला. तपासात हुक्क्याच्या निखाऱ्यांचा मुद्दा आला. 2018 मध्ये महाराष्ट्राने कायदा करून हुक्का पार्लरवर बंदी घातली. 2024 मध्ये कर्नाटकानेही बंदी आणली. तरी धाडींच्या बातम्या येतच असतात, आणि बचाव बहुतेक वेळा ‘हर्बल’चाच असतो. माझ्या मते इथे प्रश्न ‘तंबाखू होता का?’ एवढाच विचारून भागणार नाही. ‘काय जळत होतं आणि कोणाच्या छातीत जात होतं?’ हेही विचारायला हवं.

भावाला मी लिहिलं, “हा फिल्टर तुझी जीभ वाचवेल, बाकी फारसं काही नाही. सोडायचीच असेल तर 1800-11-2356 ला फोन कर. तुझ्या पाकिटावरच छापलाय, फुकट आहे.”

ब्लू टिक आली. उत्तराची वाट बघतोय.